चातुर्मासात कांदा सोडण्याऐवजी सेवेचा नेम धरायचाय: परळच्या हॉस्पिटलांबाहेर नेमकं काय, किती, कसं?

चारमहिने
मंडळी, आषाढी तोंडावर आली. कांदेनवमीला भजी हाणायची आणि मग कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद, हा नेम घरोघरी असतो. यंदा आम्हा सात जणांना ताटातलं काही सोडण्यापेक्षा हातून काही घडेल असा नेम धरायचाय. जागा परळ. टाटा (कॅन्सरचं), केईएम, वाडिया ही हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, आणि बाहेरगावचे नातेवाईक फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात.
विचारायचंय ते असं: शंभर पानांचं जेवण न्यायचं तर प्रमाण काय? कुठे चुकतं? आणि अन्नाखेरीज दुसरं काही करण्यासारखं आहे का? भाव महत्त्वाचा वगैरे मान्य आहे, पण आकडे द्या.

टोपझारा
आकड्यांच्या आधी दिवस ठरवा. आषाढीला जाऊ नका. त्या दिवशी साबुदाणा आणि केळी वाटणाऱ्यांची रीघ लागते, वर वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे चालत निघालेल्यांची गर्दी. एकाच माणसाच्या हातात तीन द्रोण येतात आणि दुसऱ्या दिवशी तोच वडापाव शोधत फिरतो.
द्वादशी धरा. एकादशीचा उपास, द्वादशीला पारणं, आणि पारण्याआधी कुणाला तरी जेवू घालायचं ही जुनीच रीत आहे. आषाढ शुद्ध ते कार्तिक शुद्ध अशा नऊ द्वादश्या येतात (अधिक महिना मध्ये पडला तर अकरा, २०२३ ला अधिक श्रावण होता तसं). आता कॅलेंडर उघडून बघा. भाद्रपद शुद्ध द्वादशी म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, लालबाग-परळचा रस्ता माणसांनी तुंबलेला, टेम्पो आत शिरणार नाही. त्या दिवशी टोप नकोच, कोरडा शिधा पाठीवरच्या बॅगांतून पायी न्या. अश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. त्या दिवशी सातातले चार जण गावच्या गाडीत असतात. नेम मोडतो तो इथे. तेव्हा नऊही तारखांना कोण येणार हे आजच कागदावर लिहा, आणि दर वेळी दोन माणसं राखीव ठेवा.

चारमहिने
वसुबारस डोक्यातच आली नव्हती. लिहून घेतलं. मेनू?

टोपझारा
मुगाच्या डाळीची आसट खिचडी. पुलाव नको, पुरी-भाजी नको, साबुदाणा तर मुळीच नको. गार झाला की त्याचा गोळा होतो, आणि उपास तुमचा आहे, त्यांचा नाही.

शंभर पानांना (आठ-दहा वर निघतील):
तांदूळ ८ किलो, साधा कोलम. बासमती वगैरे कशाला, आसट खिचडीत तो हरवून जातो.
मूगडाळ ३ किलो, बिनसालाची.
पाणी ४० लिटर, शिवाय ५ लिटर उकळतं वेगळं.
तेल ७०० मिली, जिरं १०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, आलं पाव किलो किसून, हिंग. मीठ ४०० ग्रॅमनी सुरू करा, चाखून वाढवा. मिरची नाही, लाल तिखट नाही.
टोप ६५-७० लिटरचा, जाड बुडाचा. लहान टोपात काठापर्यंत भरलं की ढवळता येत नाही, आणि ढवळलं नाही की बुडाला लागतं.

डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. ४० लिटर पाण्याला मोठ्या शेगडीवर पाऊण ते एक तास लागतो उकळायला, हा वेळ सगळेच विसरतात आणि मग बाराची खिचडी दोनला पोचते. आधी फोडणी लहान कढईत करून बाजूला ठेवा. डाळ-तांदूळ उकळत्या पाण्यातच टाका. गार पाण्यात टाकलेले दाणे तळाला बसतात आणि पाणी तापेपर्यंत करपायला सुरुवात होते. पंचवीस-तीस मिनिटं, पहिली पंधरा मोठ्या आचेवर, दाटायला लागली की आच अगदी बारीक आणि झारा तळापासून फिरवत राहायचा. शेवटी फोडणी वरून.
बुडाला लागलीच तर झारा थांबवा. खरवडायचं नाही. वरची खिचडी दुसऱ्या टोपात ओतून घ्या, तळची दोन किलो गेली तर गेली. खरवडलं की पन्नास किलोला करपट वास लागतो, आणि तो कशानेही जात नाही.

उतरवताना ती तुम्हाला पातळ वाटली पाहिजे, जवळजवळ सार. तासाभरात तांदूळ पाणी ओढतो. वाटेत घट्ट झाली तर ते वेगळं ठेवलेलं पाणी उकळतं असतानाच घाला. नळाचं गार पाणी ओतून सैल केलेली खिचडी दुपारपर्यंत आंबते.

पांढरी_गोळी
वरच्या प्रतिसादातलं तापमान थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक आजारी पडतात ते यातच.
तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस. भात शिजवून ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘गार झाली, परत गरम करून वाटू’ हा हिशेब चुकीचा आहे. खिचडी ६० अंशांच्या वर ठेवायची, आणि ६० च्या खाली उतरून दोन तास झाले असतील तर टाकून द्यायची.
स्वयंपाकाचा काडीवाला थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. टोपाच्या मधोमध, अर्ध्या खोलीवर बुडवा. कडेला मोजाल तर कमी दाखवेल, वर मोजाल तर आणखी कमी.
मोठा भरलेला टोप झाकण लावून, वर जाड गोधडी गुंडाळून ठेवला तर दीड-दोन तास सहज तापलेला राहतो. तीच खिचडी दहा लहान डब्यांत भरली की भराभर निवते. वाटायला सोपं म्हणून घरूनच डबे भरून नेतात, तिथे चूक होते. टोप अखंड न्या, वाढा तिथेच.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. जेवण नातेवाइकाला द्या, रुग्णाच्या हातात थेट नको. दाखल रुग्णाला हॉस्पिटलचा आहार असतो. बाहेर बसलेला रुग्ण उद्याच्या तपासणीसाठी उपाशी असू शकतो, मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ मोजून असतं. त्याच्याबरोबरच्याला विचारा, “यांना चालेल का?” एवढा प्रश्न पुरतो.
केमो चालू असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, जंतुसंसर्ग चटकन होतो. त्यामुळे कच्चं काही नको. काकडीची कोशिंबीर नको, वरून पेरलेली कोथिंबीर नको, कापलेलं कलिंगड तर अजिबात नको. तोंड आलेलं असतं, म्हणून तिखट, लिंबू, लोणचं नको. फळ द्यायचंच तर अख्खं केळं, सालासकट.

तुळशीवृंदावन
म्हणजे नैवेद्याच्या टोपात तुळशीपत्रही घालायचं नाही? आमच्याकडे तुळस ठेवल्याशिवाय टोप हलत नाही.

पांढरी_गोळी
टोपात नको. लहान वाटीत नैवेद्य वेगळा काढा, पान त्यावर ठेवा, आणि ती वाटी घरच्यांनी खा. पानावर माती असते, नुसत्या धुण्याने सगळं जात नाही, आणि गोधडीत गुंडाळलेल्या टोपात ते पान शिजतही नाही.

टोपझारा
याला पूर्ण अनुमोदन. शिवाय देवापुढे ठेवलेलं ‘प्रसाद’ म्हणून पुढे केलं की काही जण संकोचाने नाही म्हणतात, भूक असली तरी. तिथे बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, सगळीकडची सगळ्या धर्मांची माणसं असतात. ‘खाना है, गरम है’ एवढंच बोला. जयजयकार करायला लावून मग द्रोण देणारे असतात. तसलं काही नको. आणि फोटो नको.

माहीमचा_मासा
रमजानमध्ये हॉस्पिटलांच्या दाराशी इफ्तारीची पाकिटं वाटतात, तिथला एक धडा इकडेही लागू पडतो. खजूर आणि पाणी सगळेच आणतात, सहरीचं, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचं, कुणाला सुचत नाही. पहाटे साडेतीन-चारला नातेवाइकाला गरम काही मिळणं अशक्य असतं. म्हणून काही जण पाकीट न देता रात्री दहाला शेवया-दूध किंवा रोटी-भाजीचा डबा पोचवतात. तुम्हीही दुपारचीच वेळ का धरताय? रात्री आठनंतर फुटपाथवर किती जण येतात ते एकदा नुसतं जाऊन बघा.
आणि सदक्याबद्दलची, म्हणजे दानाबद्दलची एक रीत, डाव्या हाताला कळू न देता उजव्याने द्यावं. फोटोचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

वसईवाला
ही शिकवण आमच्याकडेही शब्दाशब्दाला तीच आहे :) उपासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, वसईच्या गावांतून आजाऱ्यांना भेटायला जायची पद्धत आहे. त्यातून एक नियम घ्या: रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण उभ्याने बोलू नका. बसा. फुटपाथवर बसलेल्या माणसाशी वाकून बोललं की तो मान वर करून दोन शब्दांत उत्तर देतो. शेजारी बसलात की काय हवंय ते कळतं, आणि बहुतेक वेळा ते जेवण नसतंच. फोन चार्ज करायचा असतो, कागद वाचून हवा असतो.

उलटतपासणी
सगळं छान चाललंय, पण एक कडू बोलतो. हे काम सरकारचं आणि महापालिकेचं. तुम्ही खिचडी वाटता म्हणून फुटपाथवरचा मुक्काम चालतो, आणि तिथल्या रहिवाशांना सांडलेला भात, उंदीर, घाण सोसावी लागते. सेवा करून पुण्य तुमच्या खात्यात, कचरा दुसऱ्याच्या दारात.

टोपझारा
पहिल्या अर्ध्याशी भांडता येईल, दुसऱ्याशी नाही. सांडलेल्या भातावर उंदीर येतात, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि पावसात परळजवळचा हिंदमाताचा सखल भाग तुंबला की त्याच पाण्यातून माणसं चालतात. म्हणजे तुमची खिचडीच आजार पसरवू शकते. त्यामुळे:
दोन माणसं फक्त कचऱ्यावर. वाढणाऱ्यांत त्यांची गणती नाही.
पत्रावळ नको, खोलगट द्रोण. पानांचा किंवा सुपारीच्या विरीचा. थर्माकोल आणि वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमचे महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, कागदी द्रोणालाही आतून प्लास्टिकचा थर नाही ना ते बघा.
शंभर द्रोणांना दोन मोठ्या गोण्या: उष्टं आणि द्रोण एकात, बाकी कोरडं दुसऱ्यात. गोणी वाटपाच्या टोकाला ठेवू नका, पंधरा-वीस पावलं पुढे ठेवा. लोक तिथेच खात नाहीत, सरकून खातात.
निघताना खराटा. रस्त्याच्या कडेची पंचवीस फूट जागा झाडून मगच टेम्पो हलवायचा. गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन संध्याकाळी. हा क्रम आपण उलटा केलाय.

पांढरी_गोळी
तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते तेच ठरवतील. पायाला जखम असेल तर पावसात टोप उचलायला जाऊ नका, घरी डाळ निवडा.

झेरॉक्स_तीन_प्रती
गाडगेबाबांचा विषय निघालाच आहे तर. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न पहिलं आहे, पण पुढे बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार, निराशांना हिंमत हेही आहे. दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे उपचारांसाठी आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. तेव्हा उलटतपासणी यांना उत्तर असं की खिचडीने फुटपाथ सुटत नाही, कागदाने सुटू शकतो. सातातल्या दोघांनी टोपाला हात न लावता हे शिकून घ्यावं:

१. महात्मा फुले जनआरोग्य योजना. यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस टेबल लावून बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं. गाडी अडते ती नावावर: रेशनकार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. ते उपचार सुरू होण्याआधी लक्षात आणून द्या.
२. धर्मादाय हॉस्पिटलांतल्या राखीव खाटा. सार्वजनिक न्यासांच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. ही माहिती बहुतेकांना बिल हातात पडल्यावर कळते. दाखल होतानाच मागायची असते.
३. रेल्वे सवलत. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. लोक पूर्ण भाडं भरून आलेले असतात, निदान परतीचं वाचवा.

मूळ कागद कुणाचाही तुमच्या हातात ठेवून घेऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. झेरॉक्सला त्यांनाच बरोबर न्या. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, आणि केसपेपरचा नंबर प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने. आणि पैसे घेऊन ‘काम करून देणारे’ तिथे फिरतात, त्यामुळे तुमच्यावरही संशय घेतला जाईल. रागावू नका. आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, तुम्ही कोण, कोणत्या दिवशी येणार ते सांगा. आत काही करायचं असेल तर त्यांच्या परवानगीनेच.

चाकखुर्ची
आत परवानगी मिळाली तर खुर्ची ढकलायचं काम मागा. वॉर्डबॉय कमी पडतात आणि एक्स-रे ते ओपीडी हे अंतर म्हाताऱ्या आईला ढकलवत नाही. पण शिकून जा.
बसवताना आणि उठवताना दोन्ही ब्रेक लावलेले, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर दुमडलेले. पायट्यावर पाय देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते, सगळ्यात जास्त पडतात ते असे. उतारावर खुर्ची उलटी फिरवा, तुम्ही खाली, रुग्ण वर, आणि मागे बघत हळूहळू उतरा. गटाराच्या जाळीवर किंवा लिफ्टच्या फटीत पुढची लहान चाकं अडकतात, तिथेही उलटी फिरवून मोठी चाकं आधी न्या. लुगड्याचा पदर, सलाइनची नळी, चादरीचं टोक चाकात जातं, निघण्याआधी दोन्ही बाजूंना हात फिरवा. आणि मागून न सांगता ढकलू नका. “निघू का?” विचारा.

तळकोकणी
रक्तदानाचं कुणीच कसं बोललं नाही?

पांढरी_गोळी
बोलायचंच होतं. तिथेही कॅलेंडरचं तेच दुखणं. पंधरा ऑगस्टला, नेत्यांच्या वाढदिवसांना शिबिरांची झुंबड, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत टंचाई. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. ऑगस्टचं रक्त दिवाळीला उपयोगी पडत नाही.
तुम्ही सात जण आहात. पुरुषांना ९० दिवसांचं अंतर, स्त्रियांना १२० दिवसांचं. चार महिन्यांत प्रत्येकाने एकदा द्यायचं, पण एकत्र नाही, दर पंधरवड्याला एक-दोघांनी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त.
उपासाच्या दिवशी जाऊ नका. पुण्य दुप्पट म्हणून एकादशीला उपाशीपोटी येतात आणि खुर्चीतून उठताना चक्कर येऊन पडतात. द्वादशीला, जेवून, पाणी पिऊन. रक्तपेढीत आधी फोन करून कोणता गट कमी आहे ते विचारा.
कॅन्सरच्या रुग्णांना प्लेटलेट जास्त लागतात. त्या मशीनवर काढतात, साधारण तास-दीड तास लागतो, म्हणून दाते कमी. ज्याला वेळ आहे त्याने त्यासाठी नाव द्यावं.

चारमहिने
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. आतापर्यंत ठरलं ते असं: दिवस द्वादशी. पहिल्या वेळी टोप न्यायचा नाही, माहीमचा_मासा आणि वसईवाला यांनी सांगितलं तसं रात्री आठला दोघांनी नुसतं जाऊन बसायचं, विचारायचं. दुसऱ्या द्वादशीपासून पन्नास पानं. दोघं कागदांवर, दोघं कचऱ्यावर, तिघं वाढायला. रक्तदानाची पाळी वेगळी लावली. स्वयंपाक प्रभादेवीला एकीच्या घरी.

टोपझारा
पन्नास पानांना सगळं निम्मं, पाणी मात्र २१-२२ लिटर घ्या, वाफ निम्मी होत नाही. टोप ३५ लिटरचा.
प्रभादेवीहून येताय तर वेळेचा हिशेब नव्याने करा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, त्यानंतर टेम्पोला दादरचा टिळक पूल किंवा करी रोड धरावा लागतो. संध्याकाळी दोन्हीकडे रांग. शक्य असेल तर परळ पूर्वेलाच कुणाचं स्वयंपाकघर शोधा, रूळ ओलांडायची वेळच नको.

तळकोकणी
भोईवाड्यात एका चाळीचं सामाईक अंगण मिळू शकेल, शेगडी लावायला. विचारून सांगतो. सिलिंडर घरगुती नको, १९ किलोचा व्यावसायिकच आणा, नाहीतर शेजारी तक्रार करतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

टोपझारा
मिळालं तर उत्तम. आणि ओगराळं कोणतं नेताय? घरचं लहान नको, वाढणाऱ्याचा हात दुखून पन्नासाव्या पानाला माप निम्मं होतं. ज्यात २०० ग्रॅम मावतं असं घ्या, घरी एकदा वजनकाट्यावर भरून बघा. दोन ओगराळी म्हणजे एक पान. दांडा लांब हवा, टोप अर्धा रिकामा झाला की आखूड दांडा आत घसरतो आणि मग कुणीतरी कोपरापर्यंत हात घालतो.

चारमहिने
काकूंकडे लग्नातलं पितळी आहे, आज मोजून सांगते.

टोपझारा
पितळी असेल तर आतली कल्हई बघा आधी.